सर जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स

आयर्लंडच्या पश्चिम भागांत स्लायगो नांवाचा परगणा आहे. तेथील स्क्रीन या खेड्यांत एका धर्मोपदेशकाच्या घरीं ता. १३ ऑगस्ट १८१९ रोजीं स्टोक्स यांचा जन्म झाला. भावंडांत हे सर्वांत धाकटे. डब्लिन व ब्रिस्टल येथें शिकून १८३७ सालीं ते केंब्रिजच्या पेंब्रोक कॉलेजांत दाखल झाले आणि १८४१ सालीं गणिताच्या परीक्षेंत पहिले आले. गणिताध्यापकाचें जें आसन पूर्वीं न्यूटननें भूषविलें होतें, तें १८४९ सालीं त्यांस मिळालें. व तें त्यांनीं मरेपर्यंत सांभाळलें.

कोयनेल, म्हणजे क्विनीन, विरघळविलेलें पाणी दिसावयास अगदीं स्वच्छ असतें. परंतु तें उन्हांत धरिलें असतां त्याच्या पृष्ठभागाशीं निळसर झांक उमटते. सर जॉन हर्शेल यांनीं १८४५ सालीं ती नमूद केली होती. खरें कारण मात्र उमगलें नव्हतें. स्टोक्स यांनीं लोलकानें सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला व या पाण्यानें भरलेली नळी तांबड्या टोंकाकडून जांभळ्या टोंकाकडे हळूहळू सरकवीत नेली. तांबड्या, पिवळ्या, हिरव्या रंगांत कांहींच घडलें नाहीं. जांभळा रंग संपत आला तेव्हां नळी निळी उजळूं लागली. आणि त्याही पलीकडे, जेथें डोळ्यांना केवळ अंधार दिसतो तेथें नेली, तरी ती उजळतच राहिली! अदृश्य अतिनील किरण तें पाणी शोषून घेत होतें व त्यांच्याऐवजीं दृश्य प्रकाश बाहेर टाकीत होतें. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी शोषिलेल्या प्रकाशाहून सामान्यतः अधिक असते, हा नियम आज त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. १८५२ सालीं त्यांनीं हें संशोधन प्रसिद्ध केलें व फ्लुअरस्पार या खनिजावरून या गुणास ‘फ्लुअरेसन्स’ हें नांव दिलें.

पाऱ्याच्या वाफेच्या नळीदिव्यांत हाच नियम राबतो. वाफेंतून मुख्यत्वें २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण निघतात व नळीच्या आंतील पांढरी भुकटी त्यांचें रूपांतर करते. भुकटी बदलली कीं प्रकाश बदलतो. शिसें मिसळलेल्या बेरियम सिलिकेटची भुकटी सुमारें ३५० नॅनोमीटरचे किरण देते. अशा किरणांखालीं कांहीं राळी व चिकटद्रव्यें कडक होतात. दुसऱ्या भुकटीनें निळा प्रकाश मिळतो, आणि त्या दिव्याखालीं कावीळ झालेल्या नवजात अर्भकांस निजवीत आले आहेत. स्टोक्स यांच्या हयातींत असे दिवे नव्हते.

१८५४ पासून १८८५ पर्यंत ते रॉयल सोसायटीचे चिटणीस होते. दुसऱ्यांचे निबंध वाचावे, चुका दाखवाव्या, पत्रें लिहावीं, यांत उमेदीचीं वर्षें गेलीं. स्वतःचें संशोधन त्यामुळें मागें पडलें, हें नाकारतां येत नाहीं. सूर्याच्या वर्णपटांतील ‘डी’ नांवाच्या काळ्या रेषा सोडियमच्या वाफेमुळें पडतात, हा विचार त्यांनीं मित्र विल्यम टॉमसन, म्हणजे पुढील लॉर्ड केल्व्हिन, यांस संभाषणांत सांगितला होता. छापला मात्र नाहीं. १८५९ सालीं जर्मनींत किर्खोफनें तीच गोष्ट सिद्ध केली. टॉमसन मित्राचा हक्क जाहीरपणें मांडीत राहिले. स्टोक्स यांनीं तो मान कधींच स्वीकारला नाहीं.

१८५७ सालीं विवाह करतांच कॉलेजच्या नियमानुसार त्यांस फेलोचें पद सोडावें लागलें होतें. नियम बदलल्यावर तें परत मिळालें, आणि १९०२ सालीं त्याच कॉलेजानें त्यांस प्रमुख नेमिलें. तो मान फार दिवस लाभला नाहीं. ता. १ फेब्रुवारी १९०३ रोजीं केंब्रिज येथें त्यांचा अंत झाला.