जिन्याखालची पेटी

लुई पाश्चर १८५७ साली पॅरिसच्या ‘एकोल नॉर्मल’ या शिक्षणसंस्थेत विज्ञान शाखेचे संचालक म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांच्यासाठी तिथे प्रयोगशाळाच नव्हती. साधनांसाठी अंदाजपत्रकात तरतूद नाही, असे उत्तर मिळाले. सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या कोणालाही हे उत्तर ओळखीचे वाटेल. पाश्चर यांनी माळ्यावरच्या दोन पडीक खोल्या ताब्यात घेतल्या आणि खर्च स्वतःच्या खिशातून केला. पुढे त्याच आवारातली एक छोटी इमारत मिळाली, पण जागा तिथेही अपुरीच होती. जंतू वाढवायला सतत एकसारखी ऊब देणारी पेटी, म्हणजे आजच्या भाषेत इनक्युबेटर, ठेवण्यासाठी एकच कोपरा उरला होता. तो होता जिन्याखाली. पेटीपर्यंत पोचायचे तर पस्तिशी ओलांडलेल्या या प्राध्यापकाला गुडघ्यांवर रांगत जावे लागे. एकदा आत शिरले की ते तासन् तास तिथेच, काचेच्या चंबूंकडे पाहत बसत.

पाश्चर यांचे चरित्र बहुतेकांना शाळेपासून माहीत असते: दूध, कुत्रे आणि लस. त्यांच्या कामात तापमानाचा अंश किती महत्त्वाचा होता, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

२७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधल्या दोल गावात त्यांचा जन्म झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. बालपण आर्ब्वा या गावी गेले. शिक्षण रसायनशास्त्राचे, ते डॉक्टर नव्हते आणि हे वैद्यकातल्या मंडळींनी त्यांना वारंवार ऐकवले. स्ट्रासबुर्गला प्राध्यापक असताना १८४९ मध्ये मारी लोराँ यांच्याशी विवाह झाला. १८५४ पासून लिल शहरात असताना मद्यनिर्मितीतल्या बिघाडांकडे त्यांचे लक्ष वळले आणि आंबणे ही सजीवांची करामत आहे, या निष्कर्षाकडे ते येऊ लागले.

पॅरिसला आल्यावर वाद पेटला तो जीव आपोआप जन्मतो का, यावर. पाश्चर यांनी हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीचे चंबू बनवले. आतला द्रव उकळला आणि तो ऊबदार जागी ठेवला. हवा आत जाऊ शकत होती, पण धूळ आणि तिच्यावरचे जंतू नळीच्या वळणात अडकत. द्रव नितळ राहिला. मान तोडली की थोड्याच दिवसांत तो गढूळ होई. या प्रयोगाचे चित्र पाठ्यपुस्तकात असते, पेटी नसते. खरे तर तिच्याशिवाय प्रयोगाला अर्थ नव्हता. पॅरिसच्या थंडीत चंबू टेबलावर ठेवला असता आणि त्यात काही वाढले नसते, तर विरोधक सहज म्हणाले असते की ऊबच नव्हती, मग वाढणार काय? जंतूंना वाढायची पूर्ण संधी दिली आणि तरीही ते वाढले नाहीत, हे दाखवायचे असेल तर तापमान हाताशी हवे.

उष्णतेची दुसरी बाजूही त्यांनी हाती घेतली. वाइन ५० ते ६० अंश सेल्सिअसला थोडा वेळ तापवली तर खराब करणारे जंतू मरतात आणि चव फारशी बिघडत नाही, हे त्यांनी दाखवले आणि १८६५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. दुधाचे पाश्चरीकरण नंतर इतरांनी रुळवले. मात्र उष्णतेचा हिशेब इतका सोपा नव्हता. काही जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. इंग्लंडच्या हेन्री बॅस्टियन यांनी १८७६ मध्ये उकळलेल्या लघवीत जंतू वाढवून दाखवले, तेव्हा पाश्चर आणि त्यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांना १०० अंशांच्या वर जावे लागले. त्यातूनच शांबरलाँ यांचे ऑटोक्लेव्ह आले. आजही शस्त्रक्रियेची साधने त्याच तत्त्वावर, दाबाखालच्या वाफेत, १२१ अंशांना निर्जंतुक होतात.

या वर्षांत घरात काय घडत होते? थोरली मुलगी जान १८५९ मध्ये टायफॉइडने गेली. नऊ वर्षांची होती. १८६५ मध्ये वडील गेले आणि त्याच वर्षी दोन वर्षांची कामिय. पुढच्या वर्षी बारा वर्षांची सेसिल, पुन्हा टायफॉइड. ऑक्टोबर १८६८ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू कायमची अधू झाली. तेव्हा ते ४५ वर्षांचे होते. त्यानंतरचे बहुतेक नाजूक हातकाम सहकाऱ्यांनी केले. ज्या कामांमुळे आपण त्यांना ओळखतो, त्यातली बरीच या झटक्यानंतरची आहेत.

१८७८ मधला कोंबड्यांचा प्रयोग त्यांच्या विचाराची पद्धत दाखवतो. अँथ्रॅक्स, म्हणजे गुरांमेंढ्यांचा फाशी किंवा काळपुळी हा रोग, कोंबड्यांना सहसा होत नाही. का? पाश्चर यांचा तर्क असा, की कोंबडीचे अंग सुमारे ४२ अंश गरम असते आणि त्या उष्णतेत हा जंतू नीट वाढत नाही. मग जंतू टोचलेल्या कोंबडीचे पाय २५ अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवले. तिचे अंग गार पडले आणि ती अँथ्रॅक्सने मेली. दुसरीला रोग सुरू झाल्यावर पाण्यातून काढले, कापसात गुंडाळले आणि ३५ अंशांच्या पेटीत ठेवले. ती बरी झाली. वैद्यक अकादमीच्या सभेत त्यांनी मेलेल्या आणि जिवंत कोंबड्या सदस्यांसमोर ठेवल्या. गार झालेल्या कोंबडीची प्रतिकारशक्तीही मंदावली असणार, असे आजचा डॉक्टर म्हणेल, आणि ते रास्त आहे. पण तापमान बदलले की जंतू आणि प्राणी यांच्यातला तोल बदलतो, ही गोष्ट पक्की झाली.

दोन वर्षांनी हीच गोष्ट लशीसाठी कामी आली. कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू जुने झाले की दुबळे होतात, हे सापडले होते. अँथ्रॅक्सचा जंतू असा दाद देईना, कारण तो बीजाणू बनवतो आणि बीजाणू वर्षानुवर्षे आहे तसे राहतात. पाश्चर, शांबरलाँ आणि एमिल रू यांना उत्तर सापडले ते अगदी चिंचोळ्या पट्टीत. ४५ अंशांना जंतू वाढतच नाही. त्याहून बरेच खाली आले की वाढतो, पण बीजाणू बनवतो. ४२ ते ४३ अंशांत मात्र तो वाढतो, बीजाणू बनवत नाही आणि दिवसागणिक त्याचा मारकपणा उतरत जातो. महिनाभरात तो मरतो. या एका अंशाच्या जागेत फेब्रुवारी १८८१ ची लस बसली होती.

एक अंश सांभाळणे ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. वीज नव्हती, पेटी गॅसच्या ज्योतीवर तापे आणि गॅसचा दाब दिवसभर एकसारखा नसे. चांगल्या पेटीला तांब्याची दुहेरी भिंत असे आणि मध्ये पाणी भरलेले असे, म्हणजे ऊब चहूकडून सारखी मिळे. फ्रान्सच्याच द’आर्सोनवाल यांच्या पेटीत हे पाणीच पहारेकरी होते. पाणी तापले की फुगे, एका रबरी पडद्याला ढकले, पडदा गॅसची वाट अरुंद करी आणि ज्योत लहान होई. गार झाले की उलट. पुढे रू यांनी दोन वेगळ्या धातूंच्या जोडपट्टीवर चालणारा नियंत्रक बनवला. एक धातू जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि गॅसचे तोंड कमी-जास्त होते. घरच्या इस्त्रीतला थर्मोस्टॅट त्याच कुळातला.

आजच्या प्रयोगशाळेतली पेटी आकडा दाखवते, म्हणून तिच्यावर भाबडा विश्वास ठेवला जातो. पण नियम जुनेच आहेत. पेटी सपाट जागी, भिंतीपासून थोडी सुटी ठेवायची. खिडकीचे ऊन किंवा एसीचा झोत तिच्यावर यायला नको. नवी आली की रिकामी चालवून पाहायची आणि तापमान स्थिरावल्याशिवाय नमुने ठेवायचे नाहीत. पडद्यावरचा आकडा एका स्वतंत्र थर्मामीटरशी पडताळायचा, कारण वरच्या आणि खालच्या कप्प्यात फरक असू शकतो. ठासून भरायची नाही, दार सारखे उघडायचे नाही. आणि तापमान रोज वहीत लिहायचे. सुट्टीच्या दिवशीही. ही वही कंटाळवाणी वाटते, पण रुग्णाच्या रक्तात जंतू वाढला नाही असा अहवाल येतो, तेव्हा पेटी खरोखर ३५ ते ३७ अंशांवर होती की नाही, हे फक्त तीच सांगू शकते.

पाश्चर यांच्याही वह्या होत्या आणि त्यांनी पुढे बरेच काही सांगितले.

मे १८८१ मध्ये मेलाँजवळच्या पुई-ल-फोर गावी जाहीर परीक्षा ठरली. रोसिन्योल नावाच्या पशुवैद्याने पुढाकार घेतला होता आणि पाश्चर तोंडघशी पडतील, अशी अनेकांची अपेक्षा होती. ५ मे आणि १७ मे रोजी मेंढ्या, एक बकरी आणि काही गाईबैलांना लस टोचली. तेवढ्याच मेंढ्या आणि दुसरी बकरी बिनलशीची ठेवली. ३१ मे रोजी सर्वांना मारक जंतू टोचला. २ जूनला लोक जमले, तेव्हा लस न दिलेल्या मेंढ्यांपैकी बहुतेक मरून पडल्या होत्या, उरलेल्या त्याच दिवशी गेल्या. लस दिलेले कळप चरत होते. बातमी युरोपभर गेली.

लोकांनी धरून चालले की ही लस ४२-४३ अंशांच्या पेटीतली. पाश्चर यांनीही तसेच समजू दिले. प्रत्यक्षात त्या दिवशी वापरलेले जंतू शांबरलाँ यांनी पोटॅशियम डायक्रोमेट या रसायनाने दुबळे केलेले होते. पेटीतल्या लशीचे परिणाम तोवर पुरेसे भरवशाचे नव्हते आणि परीक्षेची तारीख ठरून गेली होती. मौनाला आणखी एक कारण असावे. तुलूझचे पशुवैद्य आंरी तुसाँ यांनी आदल्याच वर्षी अँथ्रॅक्सची लस जाहीर केली होती: बाधित रक्त ५५ अंशांना दहा मिनिटे तापवून, नंतर कार्बोलिक ॲसिड वापरून. रसायनाची वाट त्यांच्या वाटेजवळची होती. तुसाँ यांना फारसे श्रेय मिळाले नाही. १८९० मध्ये, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ते वारले.

पाश्चर यांनी आपल्या वह्या कोणाला दाखवू नका, असे घरच्यांना बजावले होते. डायक्रोमेटची गोष्ट १८८१ च्या प्रयोगशाळेत माहीत असलेल्यांपुरती राहिली. पाश्चर यांच्या पत्नीचा भाचा आणि प्रयोगशाळेतला मदतनीस आद्रियाँ ल्वार यांनी १९३८ मध्ये ती लिहिली. १९६४ मध्ये नातवाने वह्या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या आणि १९९५ मध्ये इतिहासकार जेराल्ड गायसन यांनी त्या तपासून पुस्तक लिहिले. काहींना हा थोर माणसावरचा हल्ला वाटला. पण लस खरी होती, मेंढ्या खरोखर वाचल्या होत्या. पद्धत मात्र सांगितली ती नव्हती. विज्ञानात ही चूक लहान नाही, कारण दुसऱ्याला तोच प्रयोग करून पाहता आला पाहिजे.

पेटीच्या लशीची बाजू नंतर भक्कम झाली आणि पुढे तीच पद्धत प्रचारात आली. आपल्या लशीत जंतू दुबळा होतो तो हवेतल्या प्राणवायूमुळे, असे पाश्चर शेवटपर्यंत मानत. ते कारण चुकीचे निघाले. अँथ्रॅक्सच्या विषाची माहिती जंतूच्या मुख्य गुणसूत्रावर नसते, ती ‘प्लास्मिड’ नावाच्या एका सुट्या डीएनएच्या कड्यावर असते. सुमारे ४२-४३ अंशांत वाढवत राहिले की नव्या पिढ्यांत हे कडे गळून जाते, हे अमेरिकी संशोधकांनी १९८३ मध्ये दाखवले. म्हणजे काम करत होते ते तापमानच.

रेबीजच्या वेळी अंश पुन्हा आला. रेबीजने मेलेल्या सशाचा पाठीचा मज्जारज्जू बाटलीत टांगायचा, तळाला ओलावा शोषणारे कॉस्टिक पोटॅश ठेवायचे आणि बाटली सुमारे २३ अंशांच्या खोलीत ठेवायची. दोन आठवड्यांत त्याचा मारकपणा जातो. अशी बाटली आधी रू यांनी केली होती, असे ल्वार सांगतात. ६ जुलै १८८५ रोजी अल्सासहून आणलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला सगळ्यात जुन्या, म्हणजे सगळ्यात निरुपद्रवी मज्जारज्जूपासून सुरुवात करून दहा दिवसांत चढत्या क्रमाने तेरा इंजेक्शने दिली. मुलगा जगला. आजची रेबीजची लस मृत विषाणूची असते आणि तिचा अंश वेगळा आहे: २ ते ८. तिच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या फ्रिजचे तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहिले जाते.

१४ नोव्हेंबर १८८८ रोजी पॅरिसमध्ये पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. थोड्याच काळात तिथे वाल्डेमार हाफकिन नावाचा तरुण दाखल झाला. त्याने कॉलऱ्याचा जंतू ३९ अंशांना, हवा खेळती ठेवून दुबळा केला. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर वारले. त्यानंतर वर्षभराने, ऑक्टोबर १८९६ मध्ये, हाफकिन प्लेगने पछाडलेल्या मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत कामाला बसले. प्लेगचा जंतू २५ ते ३० अंशांत उत्तम वाढतो. मुंबईच्या हवेत त्यासाठी वेगळ्या ऊबेची फारशी गरज नव्हती. वाढलेला जंतू ६५ ते ७० अंशांना तासभर तापवून मारला की लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली.