इझाबेला बीटन

इझाबेला मेरी बीटन, पूर्वाश्रमीच्या मेसन (१४ मार्च, १८३६ – ६ फेब्रुवारी, १८६५), या एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखिका, पत्रकार आणि संपादिका होत्या. १८६१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या 'बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट' या गृहव्यवस्थापनावरील पुस्तकामुळे त्या मिसेस बीटन या नावाने घरोघरी परिचित झाल्या. इंग्लंडात जॅम टार्ट, पाय, पुडिंग यांसारखे पदार्थ घरी करण्याच्या परंपरेशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. अनेक पिढ्यांच्या वाचकांनी त्यांची कल्पना अनुभवी, प्रौढ गृहिणी अशी केली. प्रत्यक्षात पुस्तक हाती आले तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

बालपण आणि शिक्षण

इझाबेला यांचा जन्म लंडन येथे झाला. त्यांचे वडील बेंजामिन मेसन हे कापडाचे व्यापारी होते. इझाबेला चार वर्षांच्या असताना, १८४० मध्ये, वडिलांचे निधन झाले आणि काही काळ त्यांना कंबरलंड परगण्यात आजोबांकडे राहावे लागले. १८४३ मध्ये त्यांच्या आई एलिझाबेथ यांनी हेन्री डॉर्लिंग या विधुर गृहस्थांशी विवाह केला. डॉर्लिंग हे सरे परगण्यातील एप्सम येथील प्रसिद्ध घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानाचे व्यवस्थापक होते. त्यांची आधीची चार मुले, एलिझाबेथ यांची चार आणि पुढे या दांपत्याला झालेली तेरा, असे एकूण एकवीस मुलांचे ते कुटुंब होते.

एवढ्या मुलांना घर पुरेना, तेव्हा शर्यती नसतील त्या काळात मुलांची व्यवस्था मैदानावरील प्रेक्षकांच्या भव्य इमारतीत केली जाई. मुलींमध्ये थोरल्या असलेल्या इझाबेला यांच्यावर धाकट्या भावंडांना सांभाळण्याची जबाबदारी लहानपणीच पडली. मोठ्या कुटुंबाचा व्याप कसा आवरावा, याचे शिक्षण त्यांना पुस्तकातून घ्यावे लागले नाही, असे म्हणता येईल.

लंडनमधील इस्लिंग्टन येथील शाळेत अल्पकाळ राहिल्यावर त्यांना जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पाठविण्यात आले. तेथे त्यांनी फ्रेंच व जर्मन भाषा आणि पियानोवादन आत्मसात केले. त्याच शाळेत त्यांना पेस्ट्री करण्याची गोडी लागली. १८५४ मध्ये एप्समला परतल्यावर त्यांनी गावातील एका पेस्ट्री करणाऱ्या कारागिराकडे पुढील धडे घेतले. सधन मध्यमवर्गीय घरातील मुलीने दुकानदाराकडे जाऊन पीठ लाटायला शिकणे हे तेव्हा फारसे शिष्टसंमत मानले जात नसे.

विवाह आणि पत्रकारिता

१० जुलै, १८५६ रोजी एप्सम येथील सेंट मार्टिन चर्चमध्ये इझाबेला यांचा विवाह सॅम्युएल ऑर्चर्ट बीटन यांच्याशी झाला. सॅम्युएल हे तरुण, धडाडीचे आणि काहीसे धाडसी प्रकाशक होते. 'अंकल टॉम्स केबिन' या अमेरिकन कादंबरीच्या ब्रिटिश आवृत्तीतून त्यांना मोठा लाभ झाला होता. १८५२ मध्ये त्यांनी 'द इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझिन' हे मासिक केवळ दोन पेन्स किमतीत सुरू केले होते. मध्यमवर्गीय स्त्रियांसाठी इतक्या स्वस्तात मिळणारे मासिक ही त्या काळी नवीच गोष्ट होती.

लंडनच्या वायव्येस पिनरजवळ त्यांनी संसार थाटला. मे १८५७ मध्ये जन्मलेला पहिला मुलगा तीन महिन्यांतच दगावला. त्याच वर्षी इझाबेला यांनी पतीच्या मासिकासाठी लेखन सुरू केले होते. फ्रेंच कथांचे अनुवाद, पाककृतींचे सदर, पुढे फॅशनवरील लेखन अशी त्यांच्या कामाची व्याप्ती वाढत गेली. स्वयंपाकाचा त्यांचा प्रत्यक्ष अनुभव आरंभी बेताचाच होता. त्यांनी छापलेल्या सुरुवातीच्या एका केकच्या कृतीत अंड्यांचा उल्लेखच राहून गेला होता. १८६० मध्ये हे दांपत्य पॅरिसला गेले आणि तेथून फॅशनची रंगीत चित्रे मासिकासाठी मिळविण्याची व्यवस्था करून आले. यानंतर इझाबेला पतीबरोबर रोज आगगाडीने लंडनमधील कचेरीत जाऊ लागल्या. सकाळच्या त्या गाड्यांत तेव्हा बहुतेक पुरुषच असत.

१८५८-५९ च्या कडक हिवाळ्यात त्यांनी स्वतःच्या घरी सूप करून परिसरातील गरीब मुलांना वाटले. या सुपाची कृती पुढे ग्रंथात समाविष्ट झाली. संपूर्ण ग्रंथात त्यांची स्वतःची अशी हीच एक कृती असल्याचे अभ्यासक मानतात.

ग्रंथ

१८५९ पासून दरमहा ४८ पानांचा एक, असे या ग्रंथाचे २४ भाग निघाले आणि १ ऑक्टोबर, १८६१ रोजी ते एकत्रित ग्रंथरूपात प्रसिद्ध झाले. ग्रंथ अकराशेहून अधिक पानांचा होता. पाककृतींनी त्याचा मोठा भाग व्यापला असला, तरी नोकरांची कामे व वेतन, मुलांचे संगोपन, आजारपण, कायदेविषयक माहिती असेही विषय त्यात होते. पहिल्या वर्षात ६०,००० प्रती विकल्या गेल्या.

या पुस्तकाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या मांडणीत आहे. प्रत्येक कृतीच्या आरंभी लागणारे साहित्य, नंतर कृती, तिला लागणारा वेळ, अंदाजे खर्च, किती जणांना पुरेल आणि कोणत्या ऋतूत करावी, हा क्रम सर्वत्र पाळलेला आहे. १८४५ मध्ये एलायझा अॅक्टन यांनी साहित्याची यादी प्रमाणांसह देण्याची पद्धत वापरली होती, परंतु ती कृतीच्या शेवटी असे. यादी वर आणण्याचा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण चूल पेटवण्यापूर्वी फडताळात काय आहे नि काय नाही हे पाहू इच्छिणाऱ्या नवख्या गृहिणीला त्याचे मोल निश्चितच कळले असणार.

जॅमच्या छोट्या टार्टची कृती हे या पद्धतीचे चांगले उदाहरण आहे. पफ पेस्ट्रीसाठी ग्रंथात अनेक प्रमाणे दिली आहेत. सर्वांत उंची प्रकारात एक पौंड मैद्याला एक पौंड लोणी आणि अर्ध्या पाइंटहून थोडे कमी पाणी घेतले आहे. लोणी घालून पीठ पुन्हा पुन्हा घडी करून लाटायचे. साट्याच्या करंजीला पापुद्रे सुटतात तसेच यालाही सुटतात. टार्टसाठी मात्र असे पीठ मुद्दाम करायला सांगितलेले नाही. मोठे पदार्थ करून उरलेल्या पिठाच्या कडा व तुकडे वापरावेत, असे इझाबेला सुचवितात. ते लाटून लोणी लावलेल्या छोट्या गोल साच्यांत बसवायचे, कडेचे जास्तीचे पीठ कापून टाकायचे आणि प्रत्येक साच्यात पावाचा एक तुकडा ठेवायचा. भट्टीत पीठ फुगून वाटीचा आकार बिघडू नये, यासाठी ही युक्ती. तेज भट्टीत दहा ते पंधरा मिनिटे भाजून चांगला रंग आला की पाव अलगद काढून त्या जागी चमचाभर जॅम किंवा मार्मलेड घालायचे. जॅम नंतर घातल्यामुळे तो उकळून बाहेर येत नाही किंवा करपत नाही. एका टार्टला सुमारे एक पेनी खर्च येतो आणि एक पौंड पिठात दोन ताटल्या भरतात, अशी नोंदही आहे. आजही इंग्लंडात पेस्ट्रीचे उरलेले पीठ वाया न घालवता मुलांकडून जॅम टार्ट करून घेण्याची पद्धत आहे.

हिंदुस्थानशी असलेल्या इंग्रजी संबंधाच्या खुणाही ग्रंथात आढळतात. आंब्याच्या चटणीची बंगाली कृती (प्रत्यक्षात कच्ची आंबट सफरचंदे वापरून), करी पावडरीचे प्रमाण, मुलगटवाणी सूप यांना त्यात स्थान आहे. करी पावडर घरी करण्यापेक्षा चांगल्या दुकानातून विकत घेणे बरे, असा सल्लाही इझाबेला देतात. घरच्या मसाल्याचा अभिमान असलेल्या वाचकाला तो मानवणार नाही.

मौलिकतेचा वाद

ग्रंथातील बहुसंख्य कृती वाचकांनी पाठविलेल्या किंवा एलायझा अॅक्टन, एलिझाबेथ रॅफल्ड, हॅना ग्लास, अॅलेक्सिस सोये आदी पूर्वसूरींच्या पुस्तकांतून घेतलेल्या आहेत. यामुळे इझाबेला यांच्यावर वाङ्मयचौर्याचा आरोप होतो. इझाबेला यांनी स्वतःची भूमिका मुख्यतः संपादिकेची मानली होती आणि त्या काळी अशी उचल सर्रास होत असे, हे खरे. तथापि अॅक्टन यांच्यासारख्या लेखिकेला तिचे श्रेय मिळाले नाही, हेही तितकेच खरे आहे. मोठी गाजरे पावणेदोन ते सव्वादोन तास उकळावीत, यांसारख्या सूचनांवरही नंतरच्या टीकाकारांनी बोट ठेवले.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

जून १८५९ मध्ये जन्मलेला दुसरा मुलगा १८६२ च्या अखेरीस लोहितज्वराने दगावला. त्यानंतर बरोबर वर्षाने, ३१ डिसेंबर, १८६३ रोजी तिसरा मुलगा ऑर्चर्ट जन्मला. १८६४ मध्ये कुटुंब केंट परगण्यातील ग्रीनहाइथ येथे राहावयास गेले. जानेवारी १८६५ मध्ये ग्रंथाच्या संक्षिप्त कोशाची मुद्रिते तपासत असतानाच त्यांना प्रसूतिवेदना सुरू झाल्या. २९ जानेवारी रोजी चौथा मुलगा मेसन जन्मला. पाठोपाठ इझाबेला यांना सूतिकाज्वराने गाठले आणि ६ फेब्रुवारी, १८६५ रोजी त्यांचे निधन झाले. डॉक्टरांच्या अस्वच्छ हातांमधून पसरणाऱ्या या रोगाने त्या काळी असंख्य बाळंतिणींचा बळी घेतला. त्यांचे दफन लंडनमधील वेस्ट नॉरवुड दफनभूमीत करण्यात आले. मागे राहिलेल्या दोन्ही मुलांना दीर्घायुष्य लाभले.

नावाचे पुढील आयुष्य

१८६६ मध्ये एका मोठ्या वित्तसंस्थेच्या दिवाळखोरीत सॅम्युएल आर्थिकदृष्ट्या बुडाले. पत्नीच्या ग्रंथासह आपल्या प्रकाशनांचे हक्क त्यांना वॉर्ड, लॉक अँड टायलर या संस्थेला विकावे लागले आणि पुढे ते तिच्याच पदरी नोकरीस राहिले. १८७७ मध्ये क्षयाने त्यांचे निधन झाले. १८६८ पर्यंत ग्रंथाच्या सुमारे वीस लाख प्रती खपल्या होत्या. मिसेस बीटन हे नाव हीच मोठी मत्ता असल्यामुळे नव्या मालकांनी त्यांच्या मृत्यूचा गाजावाजा होऊ दिला नाही. नवनव्या आवृत्त्यांत मजकूर बदलत व वाढत गेला. विसाव्या शतकातील आवृत्त्यांमध्ये इझाबेला यांनी संपादित केलेला मूळ भाग फारच थोडा उरला होता. तरीही मुखपृष्ठावर नाव त्यांचेच राहिले. वाचकांना त्या हयात आहेत असेच वाटत असे.

१९३२ मध्ये मेसन बीटन यांनी आईचे छायाचित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीला दिले. वयस्क गृहिणीऐवजी विशीतील तरुणी पाहून अनेकांना आश्चर्य वाटले.