सागरसंशोधक वायव्हिल थॉमसन

समुद्राच्या किनाऱ्यावर उभे राहिले, की आपल्याला लाटा दिसतात. परंतु या लाटांच्या खाली काय असेल? तेथे प्रकाश असेल का? तेथील पाणी थंड असेल की गरम? दीडशे वर्षांपूर्वी या प्रश्नांची उत्तरे कोणालाही नीट माहीत नव्हती. ती शोधण्यासाठी वायव्हिल थॉमसन यांनी आपले आयुष्य वेचले.

थॉमसन यांचा जन्म ५ मार्च १८३० रोजी स्कॉटलंडमध्ये झाला. त्यांचे वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत डॉक्टर होते. वायव्हिल यांनीही एडिंबरो येथे वैद्यकाचा अभ्यास सुरू केला. पण त्यांची प्रकृती नाजूक होती. त्यामुळे तो अभ्यास त्यांना अर्धवट सोडावा लागला. ते निराश झाले नाहीत. त्यांना वनस्पती आणि प्राणी यांची आवड होती. त्याच विषयांचे ते प्राध्यापक झाले.

त्या काळी अनेक विद्वान मानत, की खोल समुद्रात जीव राहूच शकत नाहीत. तळाचे पाणी सगळीकडे सारखेच थंड असते, अशीही समजूत होती. थॉमसन यांना या गोष्टी पटत नव्हत्या. १८६८ साली ते आपल्या एका सहकाऱ्यासह ‘लाइटनिंग’ नावाच्या जुन्या, गळक्या जहाजातून स्कॉटलंडच्या उत्तरेला गेले. हवा वादळी होती. तरीही त्यांनी दोराला तापमापक बांधून तो खोल पाण्यात सोडला. एका जागी तळाचे पाणी जवळजवळ शून्य अंश होते. जवळच दुसऱ्या जागी तेवढ्याच खोलीवर पाणी कितीतरी अंशांनी उबदार होते. या दोन पाण्यांच्या मध्ये समुद्राखाली काहीतरी आडवे असले पाहिजे, असे थॉमसन यांना वाटले. पुढे तेथे खरोखरच एक डोंगररांग सापडली. आज त्या डोंगररांगेला त्यांचेच नाव आहे.

यानंतर ब्रिटिश सरकारने ‘चॅलेंजर’ हे युद्धनौकेचे जहाज शास्त्रज्ञांना दिले. त्यावरील बहुतेक तोफा काढून तेथे प्रयोगशाळा बांधण्यात आली. २१ डिसेंबर १८७२ रोजी थॉमसन आणि त्यांचे पाच सहकारी पोर्टस्मथ बंदरातून निघाले. साडेतीन वर्षांत या जहाजाने सुमारे १ लाख २७ हजार किलोमीटर प्रवास केला.

काम फार कंटाळवाणे होते. जहाज थांबवायचे, हजारो वाव लांबीचा दोर खाली सोडायचा आणि तो पुन्हा वर ओढायचा. एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट. यात तासन् तास जात. खोल पाण्याचा दाब एवढा असतो, की साधा तापमापक दबून चुकीचा आकडा दाखवतो. म्हणून तापमापकाच्या फुग्याला काचेचे दुहेरी आवरण दिलेले असे. ऊन असो, बर्फ असो, प्रत्येक आकडा वहीत लिहिला जाई. अनेक खलाशी कंटाळून जहाज सोडून गेले. एक तरुण जर्मन शास्त्रज्ञ तर प्रवासातच मरण पावला. तरी काम थांबले नाही.

मे १८७६ मध्ये ‘चॅलेंजर’ मायदेशी परतले. थॉमसन यांना ‘सर’ हा किताब मिळाला. पण खरे काम पुढेच होते. हजारो नमुने आणि आकडे यांचा अहवाल तयार करायचा होता. कामाचा ताण आणि खर्चावरून होणारी ओढाताण त्यांच्या प्रकृतीला सोसली नाही. १० मार्च १८८२ रोजी, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी, ते वारले. त्यांचे सहकारी जॉन मरे यांनी १८९५ साली ५० खंडांचा अहवाल पूर्ण केला.

थॉमसन यांच्या त्या आकड्यांचा खरा उपयोग मात्र फार पुढे झाला. आज समुद्रात सुमारे चार हजार यंत्रे तरंगत आहेत. त्यांना ‘आर्गो’ म्हणतात. ती दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीपासून वर येतात आणि पाण्याचे तापमान उपग्रहामार्फत कळवतात. या कामात आपला भारतही सहभागी आहे. २०१२ साली शास्त्रज्ञांनी ‘आर्गो’चे आकडे ‘चॅलेंजर’च्या आकड्यांशी ताडून पाहिले. समुद्राचा पृष्ठभाग सरासरी सुमारे ०.६ अंशाने तापलेला आढळला. सातशे मीटरपर्यंतच्या पाण्याची सरासरी वाढ ०.३३ अंश होती.

ही वाढ लहान वाटते. पण चुलीवरचे भांडेभर पाणी तापायलाही किती वेळ लागतो, ते आठवा. मग सारा समुद्र एवढा तापायला किती उष्णता लागली असेल! ती कोठून आली? आपण कोळसा आणि खनिज तेल जाळतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू हवेत मिसळतो. तो पृथ्वीची उष्णता अडवून ठेवतो. अशा जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्र पोटात घेतो. तापलेले पाणी फुगते, त्यामुळे समुद्राची पातळी वाढते आणि किनाऱ्यावरच्या वस्त्यांना धोका निर्माण होतो.

समुद्र पुढे तापणार आहे, हे थॉमसन यांना ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त आपले काम मन लावून केले आणि प्रत्येक आकडा खरा लिहिला. म्हणूनच त्यांच्या मृत्यूनंतर इतक्या वर्षांनी त्या वह्या साऱ्या जगाच्या उपयोगी पडल्या.