पंचाहत्तर रुपयांचे मास्तर

गोपाळ गणेश आगरकर म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. एक, ते ‘केसरी’चे पहिले संपादक आणि दुसरी, ते समाजसुधारक. शाळेच्या पुस्तकात धडा होता, दोन मार्कांचा प्रश्न यायचा, संपलं. पण आगरकर आयुष्यभर पोटासाठी काय करत होते? तर मास्तरकी! वर्गात उभं राहून शिकवत होते. आणि हा माणूस मॅट्रिक झाला तो आपल्या वऱ्हाडात, अकोल्याला. म्हणून या अंकात त्यांच्याविषयी लिहावंसं वाटलं.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शिक्षणासाठी कऱ्हाडला नातेवाइकांकडे राहिले. मधल्या काळात मामलेदार कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं. शिकायचं म्हणून कऱ्हाडहून रत्नागिरीला चक्क पायी गेले. मधे सह्याद्री आहे, हे लक्षात घ्या! तिथे काही जमलं नाही, परत आले. शेवटी नातेवाइकांच्या आश्रयाने अकोला गाठलं.

आजही पश्चिम महाराष्ट्रातून कोणी विदर्भात शिकायला आला तर आपण विचारतो, काहून बा, तिकडे कॉलेजं नाहीत का? पण त्या मुलाला अकोल्यानेच तारलं. तिथल्या हायस्कूलमध्ये विष्णू मोरेश्वर महाजनी हे एम.ए. झालेले शिक्षक होते. एकदा ते गोपाळवर रागावले आणि तुझ्या हातून काय होणार, अशा अर्थाचं काहीतरी बोलले. त्यावर या पोराने, तुमच्यासारखा एम.ए. होऊन दाखवतो, असं उत्तर दिलं, अशी गोष्ट सांगतात. पुढे याच महाजनींनी त्यांना आधार दिला. १८७५ मध्ये आगरकर मॅट्रिक झाले आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात गेले.

तिथलं त्यांचं राहणं आपल्या हॉस्टेलवाल्यांनी मुद्दाम ऐकावं. अंगात घालायला सदरा एकच. रात्री धुवायचा, वाळत टाकायचा, सकाळी तोच घालून लेक्चरला जायचं. फीचे पैसे जमवायला निबंध स्पर्धेत भाग घ्यायचा, नाटक लिहायचं. आणि हे सगळं दम्याचं दुखणं सांभाळत. अशा अवस्थेत १८७८ ला बी.ए. आणि मग इतिहास आणि तत्त्वज्ञान घेऊन एम.ए.

त्या काळी एम.ए. म्हणजे आजच्या भाषेत सगळ्यात मोठ्या पॅकेजचं प्लेसमेंट. सरकारी नोकरी हात जोडून उभी. एवढी वर्षं हाल काढलेल्या आईला साहजिकच वाटत असणार, की आता मुलगा मोठा साहेब होईल. पण आगरकरांनी आईला पत्र लिहून स्पष्ट कळवलं, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, मी पोटापुरत्या पैशात समाधान मानून लोकांसाठी काम करणार आहे. हे पत्र फार प्रसिद्ध आहे. ते वाचताना आपण सगळे आगरकरांच्या बाजूने असतो. मला मात्र त्या माउलीचाही विचार येतो. पत्र कोणीतरी वाचून दाखवलं असेल, तेव्हा तिला काय वाटलं असेल?

डेक्कन कॉलेजात आगरकरांची आणि टिळकांची दोस्ती झाली. दोघांनी रात्ररात्र चर्चा करून ठरवलं, की सरकारी नोकरी करायची नाही, स्वतःची शाळा काढायची. १ जानेवारी १८८० ला विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. आगरकर एम.ए. आटोपून १८८१ मध्ये रुजू झाले. त्याच वर्षी ‘केसरी’ निघाला आणि त्याचे संपादकही तेच झाले. म्हणजे दिवसा शाळा आणि रात्री अग्रलेख. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर दोघांनाही चार महिन्यांची शिक्षा झाली, पैकी १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी तिथे बसून शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’चं मराठी रूपांतर केलं. सुटून आले आणि पुन्हा वर्गावर!

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. सोसायटीची कल्पना भारी होती. ही संस्था कुठल्या शेठची किंवा सरदाराची नव्हती. जे शिकवतात तेच आजीव सभासद आणि तेच संस्थेचे मालक. वीस वर्षं सेवा करायची. पगार सगळ्यांना सारखा, महिना पंचाहत्तर रुपये. सुरुवातीच्या काळात तर याहूनही कमी होता. सरकारी कॉलेजातल्या गोऱ्या प्रोफेसरला याच्या कितीतरी पट मिळायचे. पण सोसायटीने शिक्षकांसाठी तीन हजार रुपयांचा आयुर्विमा काढायची सोय केली होती. त्या काळात कोणी मास्तरच्या विम्याचा विचार करत होतं, हेच मला नवीन वाटलं.

आणि इथेच भांडण सुरू झालं. टिळक-आगरकर वाद म्हटलं की आधी राजकीय की आधी सामाजिक, एवढंच आपण पाठ करतो. पण घरात जशी भांडणं पैशावरून होतात, तशी इथेही झाली. टिळकांचं म्हणणं असं, की आपण व्रत घेतलंय. जेझुइट पाद्र्यांसारखं राहायचं, पोटापुरतंच घ्यायचं, बाहेरची कामं करून कमाई करायची नाही आणि केलीच तर ती संस्थेच्या खात्यात जमा करायची. आगरकरांचं म्हणणं असं, की सगळ्यांचा संसार सारखा नसतो. कोणाकडे खाणारी तोंडं जास्त, कोणाकडे आजारपण. संस्था वाढली तर पगारही थोडा वाढावा. आणि कॉलेजचं काम चोख केल्यावर उरलेल्या वेळात शिक्षकाने काय करावं, हा त्याचा प्रश्न.

टिळकांची बाजू चुकीची होती असं म्हणता येत नाही. एकदा वेतनवाढीचं दार उघडलं की त्याग संपला, ही त्यांची भीती खरी होती. पण टिळकांना घरची थोडीफार मिळकत होती आणि आगरकरांना पगाराशिवाय काही नव्हतं, हेही खरं. व्रत एकच असलं तरी ते पाळायला दोघांना पडणारी किंमत वेगळी होती. प्रकरण मतदानावर जाऊ लागलं, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बाहेरच्या कामावरून आणखी पेटलं आणि १८९० मध्ये टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला.

दुसरी किंमत मतांची. ‘केसरी’त आपले विचार लिहिता येईनात म्हणून आगरकरांनी १८८७ मध्ये संपादकपद सोडलं आणि १८८८ मध्ये स्वतःचं ‘सुधारक’ काढलं. बालविवाह नको, विधवांचं केशवपन नको, मुलींना मुलांसारखंच शिक्षण द्या, असं ते लिहीत राहिले. पुण्यात लोक इतके चिडले, की या जिवंत माणसाची प्रेतयात्रा काढली! तरीही प्राचार्य वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये वारले तेव्हा सोसायटीने आगरकरांनाच फर्ग्युसनचे प्राचार्य केलं. शिक्षकाने वर्गाबाहेर काय बोलावं हे मॅनेजमेंट ठरवत नव्हती, कारण शिक्षकच मॅनेजमेंट होते. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

एवढ्या धबडग्यात त्यांनी ‘वाक्यमीमांसा’ हे मराठी वाक्यरचनेवरचं पुस्तकही लिहिलं. आपण सर्किट सोडवतो तसं ते वाक्य सोडवायचे.

प्राचार्यपद मात्र फार दिवस लाभलं नाही. १७ जून १८९५ ला दम्याने आगरकर गेले. वय पुरतं ३९ पण नव्हतं. आपल्या अंत्यविधीसाठी कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून त्यांनी पैशाची पुरचुंडी बांधून उशाशी ठेवली होती, असं सांगतात. कॉलेजचा प्राचार्य आणि शिल्लक काय, तर स्वतःच्या सरणापुरते पैसे.

मित्रांनो, ही गोष्ट ऐकून त्याग किती थोर असं म्हणणं सोपं आहे. पण भाषणात आगरकरांचा त्याग सांगायचा आणि त्याच तोंडाने शिक्षकाला तुटपुंज्या पैशात राबवायचं, हेही आपल्याकडे चालतं. महाराष्ट्रात १९७७ मध्ये खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली, तेव्हा प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना तीन हजार रुपये मानधन होतं. २०१२ मध्ये ते सहा हजार झालं आणि २०२३ मध्ये सोळा हजार. विनाअनुदानित शाळांचे शिक्षक अनुदानासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करत आले आहेत. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना तर सुट्टी लागली की पैसे बंद. यातला कोणीही आईला पत्र लिहून व्रत घेतलेला नाही. त्याच्यावर ते लादलेलं आहे.

आगरकरांनी कमी पगार स्वतः निवडला होता, आणि तरीसुद्धा त्यांनी शिक्षकाच्या संसाराचा प्रश्न सभेत मांडला. त्यांच्या देशप्रेमात त्यामुळे काही कमी पडलं का? मला तर उलट वाटतं. स्वतः उपाशी राहायची तयारी असलेला माणूसच दुसऱ्याच्या भुकेबद्दल असं ठामपणे बोलू शकतो.

उद्या आपल्यातले काही जण कंपनीत जातील, काही इथेच लेक्चरर होतील, आणि कोणी सांगावं, एखादा संस्थाचालकही होईल. त्याने भिंतीवर आगरकरांचा फोटो जरूर लावावा. फक्त पगाराच्या रजिस्टरवर सही करताना एकदा त्या फोटोकडे बघावं, एवढंच.