बाबूराव अर्णाळकर आणि फाटलेले शेवटचे पान

स्मरणिका म्हटली की त्यात एखाद्या थोर माणसाचे चरित्र असतेच. समाजसुधारकांवर आणि क्रांतिवीरांवर आपले मित्र लिहितीलच. मी ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांचा फोटो आपल्या शाळेच्या भिंतीवर कधी लागला नाही. उलट त्यांचे पुस्तक दप्तरात सापडले की जप्त व्हायचे. (जप्त झालेली पुस्तके गुरुजनांच्या खोलीत कोण वाचायचे, हे रहस्य मात्र अजून उलगडलेले नाही.) तरीही आपल्या वर्गातल्या निम्म्या पोरांना एका बैठकीत पुस्तक संपवायची सवय लावली ती बाबूराव अर्णाळकरांनीच.

त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. टोपणनावातले अर्णाळा हे वसईजवळचे, समुद्रकाठचे गाव. बाबूरावांचा उद्योग मात्र मुंबईतला, आणि पोटापाण्यासाठी चष्म्याचे दुकान. आधी वाचकांचे डोळे शिणवायचे आणि मग त्यांनाच चष्मा विकायचा, असा विनोद त्यांच्यावर करायचा मोह होतो.

मराठीत रहस्य त्यांच्या आधीही होते. गोविंद नारायणशास्त्री दातारांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कथानकांना मराठी पेहराव चढवला होता. पण ती पुस्तके जाडजूड. अर्णाळकरांनी रहस्यकथा स्वस्त केली, आटोपशीर केली आणि पोराटोरांच्या खिशात बसवली. इंग्रजी कथानकांचा आधार त्यांनीही घेतला, पण माणसे इथली उभी केली. झुंजार आणि त्याची विजया, धनंजय आणि त्याचा छोटू, काळापहाड. ही नावे घेतली की आपल्या पिढीतला माणूस आजही खुर्चीत सरसावून बसतो. १९३६ ते १९८४ या काळात त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. हिशेब करून पाहा, अठ्ठेचाळीस वर्षे सरासरी अडीच आठवड्यांना एक पुस्तक पडते. दुकान सांभाळून.

आता मुद्द्याचे. त्यांच्या कथांचे शेवट पटणारे होते का?

आज निवांत बसून वाचले तर पुष्कळदा नाही, असेच म्हणावे लागते. अगाथा ख्रिस्ती सगळे धागेदोरे वाचकासमोर मांडून ठेवते आणि तरी शेवटी आपल्याला चकवते. मागची पाने उलटली की कळते, सगळे तर सांगितले होते, आपलेच लक्ष नव्हते. अर्णाळकरांकडे तसे नसे. शेवटच्या दोन पानांत कुणाची तरी दाढी निघायची, वेष उतरायचा, आणि जी माहिती आपल्याला कधी दिलीच नव्हती ती नायकाच्या खिशातून बाहेर यायची. अडीच आठवड्यांत पुस्तक लिहिणाऱ्याला मागे जाऊन धागे पेरायला सवड कुठली? समीक्षकांनी त्यांना साहित्याच्या ओसरीवरही फारसे बसू दिले नाही, त्याचे एक कारण हे असावे.

पण आपण ती पुस्तके कधी वाचली तेही आठवा. १९७२ चा दुष्काळ. माणदेशात विहिरी तळाला गेलेल्या, छावणीत जनावरे, आईबाप खडी फोडायला रस्त्याच्या कामावर, आणि आपल्या हातात सुकडी. त्याच वर्षी मराठीच्या सरांनी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचायला सांगितली होती. माडगूळकर आपल्या शेजारच्या आटपाडी भागातले, माडगूळचे. त्या कादंबरीच्या शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी ओस होते. गुन्हेगार कुणीच नाही, मग पकडणार कुणाला? तो शेवट खरा होता, इतका खरा की आमच्यातल्या एकाने पुस्तक मिटून ठेवले आणि पुन्हा उघडले नाही. त्याचे घर त्याच महिन्यात मुंबईला निघाले होते.

त्या दिवसांत झुंजार जिंकणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असायचे, आणि त्यासाठीच आपण वाचायचो. कोण दोषी हे कुणीतरी ठामपणे सांगतो आहे, लुबाडलेल्याला त्याचे परत मिळते आहे, एवढे पुरे होते. ख्रिस्तीच्या मापाने तो शेवट कच्चा आहे. चौदा वर्षांच्या, सुकडी खाऊन वाचणाऱ्या पोराच्या मापाने तो भरलेला होता. दोन्ही मापे मला खरी वाटतात. माडगूळकर मोठे लेखक, यात वादच नाही. पण बनगरवाडी मी नीट वाचली ती पाऊस झाल्यावर.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे पोहोचेपर्यंत ती पुस्तके शंभर हातांतून गेलेली असत आणि शेवटचे पान बहुधा गायब. मग मधल्या सुट्टीत लिंबाखाली पंचायत बसे. खुनी कोण, यावर पैजा लागत. एकदा एकाने रचलेला शेवट सगळ्यांना इतका पटला की पुढे पूर्ण प्रत मिळाली तेव्हा बाबूरावांचाच शेवट चुकीचा ठरवण्यात आला. शेवट कसा असावा याचे शिक्षण मला कुठल्या तासाला मिळाले असेल, तर त्या लिंबाखाली.

१९९६ साली बाबूराव गेले. तोवर घरोघरी टीव्ही आला होता आणि भाड्याने पुस्तके देणारी दुकाने एकेक करून मिटली होती. पुढच्या मेळाव्याला कुणाच्या माळ्यावर जुनी प्रत सापडली तर घेऊन या. शेवटचे पान असले तरी चालेल, नसले तर पैजा लावायला आपण सगळे आहोतच.