टॉम सिम्पसन : थकवा लपवणारी गोळी

सायकलपटू टॉम सिम्पसन तुम्हाला ठाऊक असेलच असं नाही. जन्म १९३७ चा, इंग्लंडमधल्या एका खाणकामगाराच्या घरी. १९६२ साली टूर द फ्रान्समध्ये पिवळी जर्सी घालणारा तो पहिला ब्रिटिश, १९६५ चा जगज्जेता.

१३ जुलै १९६७. फ्रान्समधला माँ व्हाँतू डोंगर, रणरणतं ऊन, त्यात पोट बिघडलेलं. शिखर जवळ आलं असताना तो पडला. त्याच्याच हट्टापायी त्याला पुन्हा सायकलवर बसवलं. थोडं पुढे जाऊन कोसळला तो कायमचाच. वय अवघं २९! खिशात अ‍ॅम्फेटामाइनच्या नळ्या सापडल्या. शवविच्छेदनात तेच औषध आणि मद्यही.

ही गोळी ताकद देते असं मुलांना वाटतं. खरं तर ती थकवा फक्त लपवते. नाडी पळते, कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात, आतली उष्णता आतच कोंडते. घामाने पाणी आटलेलं, तरी हृदयाला थांबायची सोय नाही. वर्गात हार मानू नका म्हणताना मी हल्ली जरा अडखळतो, तो यामुळेच.

तो पडला तिथे आज दगडी स्मारक आहे. चढ चढून आलेले सायकलस्वार तिथे आपली टोपी, पाण्याची बाटली ठेवून पुढे जातात.