बीआयटी चाळ ते राजगृह: बाबासाहेबांनी घर कसे उभे केले?

वाळूज एमआयडीसीत पहिली पाळी सुटली की रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर, बजाजनगरच्या गल्ल्या भरून जातात. जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाण्यातून आलेली आपली हजारो मुले-मुली इथे दहा बाय दहाच्या खोल्यांत राहतात. कुणी चौघांत एक खोली करून राहतो, कुणी कॉट बेसिसवर. पगारातून खोलीभाडे, मेस आणि पेट्रोल वजा होते, काही पैसे गावी आई-वडिलांना जातात. उरलेल्यात स्वतःचे घर कधी होणार, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो. घरात बाबासाहेबांचा फोटो लावायचा, तर भिंत तरी स्वतःची असावी, असे वाटणे साहजिक आहे.

याच प्रश्नाच्या निमित्ताने आम्ही बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा एकदा वाचले, या वेळी त्यांच्या घरांच्या बाजूने. संविधानाचे शिल्पकार, महाडचे सेनापती, धम्मचक्र प्रवर्तक ही त्यांची रूपे आपल्याला पाठ आहेत. पण हा माणूस आयुष्यातली बरीच वर्षे भाड्याच्या खोलीत राहिला, हे आपण सहसा लक्षात ठेवत नाही.

डोक्याशी जाते, पायाशी बकरी

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सैन्यातून निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोली, मग सातारा असे फिरत राहिले. साताऱ्यात आई भीमाबाईंचे निधन झाले. पुढे हे कुटुंब मुंबईत परळला आले आणि डबक चाळीत राहू लागले. एकच खोली. तिथेच चूल, तिथेच भांडीकुंडी, तिथेच सगळ्यांची अंथरुणे. झोपताना भीमरावांच्या डोक्याशी जाते असायचे आणि पायाशी बकरी.

एवढ्याशा जागेत अभ्यास होणार कसा? रामजींनी यावर वेळेचा उपाय काढला. मुलाला संध्याकाळी लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे आणि मग त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे. तोवर चाळ शांत झालेली असायची. पुस्तकासाठी पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून गहाण ठेवत आणि पेन्शन मिळाली की सोडवून आणत. या घराचा पैसा आधी पुस्तकाकडे वळत होता. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले.

बडोद्यात छप्पर नाकारले

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंडांत स्वतःचा खर्च चालवायचा आणि घरीही काही पाठवायचे. पोटाला चिमटा घेऊन ते जुनी पुस्तके विकत घेत राहिले.

१९१७ मध्ये करारानुसार ते बडोद्याला नोकरीसाठी पोहोचले. अमेरिकेत शिकलेल्या या अधिकाऱ्याला गावात राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारश्यांचा जमाव दारात आला आणि जागा सोडण्याचा हुकूम झाला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला, दोघांनीही कारणे सांगून टाळले. मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. खोली बघायला गेल्यावर आधी आडनाव विचारले जाते, मग गाव, मग अचानक खोली आधीच दिलेली निघते. शंभर वर्षांनंतरही हा अनुभव आपल्या मुलांना नवा नाही. म्हणून घराचा प्रश्न आपल्यासाठी नुसत्या पैशाचा प्रश्न कधीच नव्हता. हातात पगार असूनही छप्पर मिळत नाही, याचा अर्थ काय होतो ते बाबासाहेब बडोद्यातच शिकले.

साडेचारशे रुपये पगार, पण मुक्काम चाळीतच

१९१८ च्या नोव्हेंबरमध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. त्या काळी हा मोठा पगार होता. मनात आणले असते तर चांगल्या वस्तीत मोठी जागा भाड्याने घेता आली असती. पण बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीतच राहिले. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने कामगारांसाठी या चाळी बांधल्या होत्या. आंबेडकर कुटुंबाच्या दोन खोल्या होत्या, दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ नंबरच्या.

माता रमाईंच्या हातात घरखर्चाची ठरावीक रक्कम पडायची आणि बाकीची शिल्लक टाकली जायची. ही शिल्लक लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी होती. १९२० मध्ये साठवलेली रक्कम, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५ हजार रुपयांचे कर्ज अशी जुळवाजुळव करून ते निघाले. पगार वाढला म्हणून राहणी वाढवली नाही, म्हणूनच ही वाट मोकळी झाली.

लंडनमध्ये ते साध्या खाणावळवजा घरात राहिले. दुपारचे जेवण बहुधा नाहीच, रात्री भूक लागली की मित्राने दिलेले पापड भाजायचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचे. इकडे परळच्या त्याच खोल्यांत रमाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होत्या. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही त्यांची चार मुले लहानपणीच गेली. बाबासाहेबांच्या पदव्यांच्या यादीखाली रमाईंच्या काटकसरीचा हिशेब मांडायला आपण विसरतो.

१९२३ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले आणि वकिली सुरू केली. मोठे पक्षकार अस्पृश्य वकिलाकडे सहजी येत नव्हते. जोड म्हणून त्यांनी १९२५ ते १९२८ बाटलीबॉय अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवला. महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिराचा लढा, गोलमेज परिषद या सगळ्या काळात त्यांचे बिऱ्हाड परळच्या चाळीतच होते. १९३० मध्ये साम्राज्याच्या राजधानीत कोट्यवधी अस्पृश्यांची बाजू मांडायला गेलेला पुढारी दोन खोल्यांच्या घरातून गेला होता. आपल्यातला कुणी भाड्याच्या खोलीत राहतो म्हणून खाली मान घालत असेल, तर त्याने हे ध्यानात ठेवावे.

राजगृह

वकिलीत जम बसल्यावर बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत जागा घेतली आणि घर बांधायला काढले. तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. १९३३ च्या सुमारास घर उभे राहिले आणि १९३४ पर्यंत कुटुंबाने चाळ सोडली. घराला त्यांनी राजगृह हे नाव दिले. बिंबिसार राजाची राजधानी, तथागतांच्या वावराने पावन झालेली नगरी. धर्मांतराची घोषणा अजून व्हायची होती, पण उंबरठ्यावर बुद्धकाळाचे नाव आले होते.

या घराचा नकाशाच वेगळा होता. कुटुंब खाली, ग्रंथालय आणि कार्यालय वर. पन्नाशीच्या पुढे आयुष्य गेले तेव्हा त्यांच्याकडे हजारो ग्रंथ जमले होते. त्या काळातल्या खासगी ग्रंथसंग्रहांत त्यांचा संग्रह फार मोठा मानला जातो. हिंदू कॉलनीतच त्यांनी चार मिनार नावाची दुसरी इमारतही बांधली होती. १९४१ मध्ये कर्ज आणि पुस्तकांचा खर्च भागवण्यासाठी त्यांनी ती विकली. दुसरी इमारत गेली, पण ग्रंथांची खरेदी थांबली नाही.

रमाईंना मात्र हे घर फार काळ लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचे निधन झाले. ज्या घरासाठी त्यांनी पै-पै जपली, त्या घरात त्यांचे दिवस जेमतेम वर्ष-दीड वर्षाचे. बाबासाहेबांच्या चरित्रातले हे दुःख आपण घाईने ओलांडू नये.

स्वतःच्या घरानंतर समाजाचे घर

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद परिसरातल्या कोळसा खाणींत उतरले, कामगारांच्या वस्त्या पाहिल्या. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधी सुरू झाला, त्याच्या कामांत कामगारांची घरेही होती. डबक चाळीत वाढलेल्या माणसाला कामगाराची खोली आतून माहीत होती.

आपल्या शहराशी त्यांचे नाते तर आणखी जवळचे. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० मध्ये औरंगाबादेत कॉलेज सुरू केले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. तब्येत साथ देत नसतानाही ते इथे येऊन राहत आणि बांधकामात जातीने लक्ष घालत. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेल्या मुलांना नागसेनवनात वसतिगृहाचे छप्पर मिळाले. आपल्यापैकी अनेकांच्या घरातली पहिली पदवी तिथलीच आहे.

१९५१ मध्ये मंत्रिपद सोडल्यावर सरकारी बंगला गेला. दिल्लीत ते २६ अलीपूर रोडवर सिरोहीच्या महाराजांच्या बंगल्यात राहिले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी तिथेच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव मुंबईला राजगृहात आणले गेले. ७ डिसेंबरची अंत्ययात्रा त्याच दारातून निघाली.

वाळूजच्या मित्रांनो, यातून काय घ्यायचे?

आम्हाला या चरित्रात एक स्पष्ट क्रम दिसतो: आधी शिक्षण, मग कमाईचे पक्के साधन, मग घर. हा क्रम उलटा केला की काय होते ते आपण रोज पाहतो. कंत्राटी नोकरीवर मोठा हप्ता उचलायचा, ठेकेदाराने ब्रेक दिला की हप्ता थकतो आणि घराबरोबर झोपही जाते. आयटीआय झालेल्याने डिप्लोमा, डिप्लोमावाल्याने पदवी पूर्ण करणे ही सुद्धा घराचीच तयारी आहे. तोवर चौघांत खोली करून राहण्यात कमीपणा नाही.

दुसरे, पीएफला हात लावू नका. कंपनी बदलली की रक्कम काढून मोबाइल किंवा गाडी घेण्याची सवय आपल्याकडे फार आहे. तुमच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुमचे आणि तेवढेच मालकाचे योगदान असते. घरासाठी त्यातून रक्कम काढता येते. खाते नव्या कंपनीत वळते करून घ्या.

तिसरे, बॉण्डपेपरवरचा प्लॉट घेऊ नका. वाळूज परिसरात गुंठेवारीचे तुकडे नोटरी करून विकले जातात. नोटरीने मालकी मिळत नाही. सातबारा, एनए आणि नोंदणीकृत खरेदीखत पाहिल्याशिवाय इसारही देऊ नका. म्हाडाच्या छत्रपती संभाजीनगर मंडळाची सोडत, प्रधानमंत्री आवास योजना आणि अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीची रमाई आवास योजना यांची माहिती ग्रामपंचायत, महापालिका किंवा समाजकल्याण कार्यालयातून घ्या. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच तयार ठेवा. कार्यकर्त्यांनी जयंतीच्या मंडपात एक टेबल याच अर्जांसाठी लावावे.

आणि घर घेताना घरातल्या स्त्रीचे नाव खरेदीखतावर असू द्या. तिच्या एकटीच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पण कारण तेवढेच नाही. सरकारच्या घरकुल योजनेला ज्या माउलीचे नाव आहे, तिला स्वतःच्या घरात फार दिवस मिळाले नाहीत. आपल्या घरातल्या रमाईला ते मिळावेत, हक्काने आणि तिच्या हयातीत.

घर झाले की एका भिंतीला पुस्तकांचे कपाट ठेवा, मग ते वन आरके का असेना.

जय भीम! नमो बुद्धाय!